शहरातील जड पाणी : साबण, बंब आणि जमीन

आपल्या सभासदांपैकी पुष्कळांची मुले नोकरीधंद्यानिमित्त पुण्यास स्थायिक झाली आहेत, आणि सुगी आटोपल्यावर चार दिवस त्यांच्या बिऱ्हाडी राहून येण्याचा प्रघातही आता पडला आहे. परत आलेल्या मंडळींकडून तेथील नळाच्या पाण्याविषयी दोन अगदी उलट हकिकती ऐकू येतात. सदाशिव पेठेत किंवा डेक्कनकडे उतरलेला गृहस्थ म्हणतो की, पुण्याचे पाणी फार हलके. साबण अंगावरून निघता निघत नाही आणि डाळ हां हां म्हणता शिजते. वाघोलीच्या बाजूस उतरलेला म्हणतो की, तेथे साबणाला फेस धरत नाही, बादलीला पांढरी कड बसते, केस ताठ होतात आणि गीझर वर्ष-दोन वर्षांत जळतो. दोघेही खरेच सांगतात. शहर एक, पण पाणी दोन प्रकारचे. आणि या दोहोंतील भेद समजून घेण्याजोगा आहे.

तो समजून घेण्याचे आपणांस आणखीही एक कारण आहे. शहरातील या त्रासावर जी यंत्रे निघाली आहेत, ती आता आपल्या मळ्यांतील नव्या घरांतही बसू लागली आहेत. त्यांतून बाहेर पडणारे पाणी कोठे सोडावे, याचा विचार विकणाराही करीत नाही व घेणाराही करीत नाही. त्यायोगे घरातील साबणाचा प्रश्न जमिनीचा प्रश्न होऊन बसतो.

प्रथम पुण्याचेच पाहू. शहराच्या जुन्या भागास मुठेचे पाणी मिळते. खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले. त्याच्या वरच्या अंगास पानशेत, वरसगाव व टेमघर ही धरणे मागाहून झाली. या सर्वांत साठणारे पाणी म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस होय. तो कातळावरून आणि उतारावरून वेगाने वाहत धरणात येतो. खडकाशी त्याचा सहवास थोडा, म्हणून खडकातील क्षार त्यात फारसे उतरत नाहीत.

बोअरच्या पाण्याची कथा वेगळी आहे. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आली; वाघोली हे या दुसऱ्या खेपेतील गाव. हद्द वाढली म्हणजे नळाचे पाणी लागलीच पोचते असे नाही, हे महसूल खात्यात ज्याने चाकरी केली त्यास तरी सांगावयास नको. अशा भागांतील पुष्कळ सोसायट्या बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यावर चालत आल्या आहेत. तोटी तीच, नळ तोच. परंतु वरच्या टाकीत पडणारे पाणी खडकाच्या भेगांतून कित्येक महिने, कित्येक वर्षे मुरत आलेले असते.

आपल्या काळ्या पाषाणात, ज्यास भूगर्भशास्त्रज्ञ बसाल्ट म्हणतात, चुन्याचा व मॅग्नेशियमचा अंश पुष्कळ आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मुळांच्या श्वासातून व कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून निघणारा कर्बाम्ल वायू आपल्यात घेते. हाच वायू सोड्याच्या बाटलीत असतो. त्यायोगे पाण्यास किंचित आंबटपणा येतो, आणि असे पाणी खडकातील चुना हळूहळू विरघळवून घेते. काळ्या रानात नांगराच्या फाळाला लागणारी चुनखडी याच व्यवहारातून तयार झालेली आहे. पाणी आटले, वायू उडाला, की चुना पुन्हा खडा होऊन बसतो. हा वायू पाण्यात आहे तोवरच चुना विरघळलेला राहतो, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढील पुष्कळ गोष्टी त्यावरून उलगडतील.

चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार ज्या पाण्यात अधिक, ते जड पाणी. शाळेच्या पुस्तकांत यास कठीण किंवा दुष्फेन पाणी म्हणतात, आणि फेस न देणारे या अर्थी तो शेवटचा शब्द मोठा समर्पक आहे. मचूळ किंवा खारे पाणी ही निराळी गोष्ट. त्यात मिठाचा अंश अधिक असतो व ते जिभेला कळते. जड पाणी चवीला चांगले असू शकते. पुष्कळ नावाजलेल्या गोड विहिरी मोजून पाहिल्या तर जडच निघतील.

मोजण्याची रीत अशी की, पाण्यातील सर्व जडपणा जणू चुनखडीचाच आहे असे धरून तो दर लिटरास किती मिलिग्राम ते सांगतात. ६० पर्यंत हलके, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत जड आणि त्यावर फार जड, अशी एक रूढ प्रतवारी आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (२०१२) २०० ही इष्ट मर्यादा असून, दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावे असे म्हटले आहे. या लेखात हिशेबाकरिता मी सर्वत्र ४०० जडपणाचे पाणी धरले आहे. ज्याने त्याने आपल्या पाण्याचा आकडा त्या जागी घालावा.

जडपणात पुन्हा दोन जाती आहेत. जो चुना कर्बाम्ल वायूच्या आधाराने विरघळलेला असतो, तो पाणी उकळल्यावर वायू उडून गेल्याने खाली बसतो. हा तात्पुरता जडपणा. जो गंधकाम्लाच्या वा मिठाच्या आम्लाच्या क्षाररूपाने असतो, त्यावर उकळण्याचा काही परिणाम होत नाही. हा कायमचा जडपणा. बहुतेक पाण्यांत दोन्ही कमीअधिक असतात.

आता साबणाकडे वळू. साबण म्हणजे तेलातील आम्ल व सोडा यांचे लग्न. जड पाण्यात पडताच साबण चुन्याशी संयोग पावून एक चिकट, पांढुरका, न विरघळणारा पदार्थ बनतो. न्हाणीघराच्या फरशीवर जी साय साचते, सदऱ्याच्या कॉलरला जो राखट रंग येतो, केसांना जो चिकटपणा वाटतो, तो हाच. तो मळ नव्हे. तो वाया गेलेला साबण आहे. पाण्यातील सगळा चुना असा खाऊन झाल्याखेरीज फेस म्हणून येत नाही.

किती साबण वाया जातो? रसायनाचा हिशेब केला असता १०० मिलिग्राम जडपणामागे शुद्ध साबण सुमारे ६०० मिलिग्राम खर्ची पडतो. ४०० जडपणाच्या पंधरा लिटरांच्या बादलीत ६ ग्राम जडपणा असतो. त्याकरिता सुमारे ३६ ग्राम साबण लागेल. म्हणजे मळाला हात लागण्यापूर्वीच वडीचा एवढा तुकडा गेला! बादलीतील सर्व पाण्याशी साबणाची गाठ पडत नाही, आपण अंगाला लावून वरून पाणी ओततो, म्हणून प्रत्यक्षात नुकसान यापेक्षा कमी होते. परंतु कपडे भिजत घालताना ते जवळजवळ पूर्ण होते. हल्ली घरोघर वापरली जाणारी धुण्याची पावडर बहुधा साबण नसून निराळे रसायन असते. तिची चुन्याशी अशी गाठ बसत नाही, आणि चुना बाजूस ठेवणारी द्रव्येही तीत मिसळलेली असतात; तरी जड पाण्यात तीही अधिक लागते.

यावर फार जुना व स्वस्त उपाय म्हणजे धुण्याचा सोडा. वरील बादलीतील ६ ग्राम जडपणा काढावयास कोरडा सोडा अवघा साडेसहा ग्राम पुरतो. स्फटिकरूप ओला सोडा असेल तर सुमारे १७ ग्राम. कपडे टाकण्यापूर्वी सोडा पाण्यात विरघळवून अर्धा तास ठेवावे, चुना तळाशी बसतो, आणि वरचे निवळ पाणी घ्यावे. छत्तीस ग्राम साबणाचे काम साडेसहा ग्राम सोडा करीत असेल तर कोणता जमाखर्च बरा, हे सांगावयास कारकून नको. मात्र लोकर, रेशीम आणि अंगाची कातडी यांस सोडा सोसत नाही. स्नानाच्या पाण्यात तो घालू नये.

बंब आणि गीझर यांत चुन्याची खापरी बसते ती तात्पुरत्या जडपणाची. येथे एक बारकावा सांगण्याजोगा आहे, कारण त्याविषयी विक्रेते वाटेल ते सांगतात. बंबात जाळ आतल्या नळीत असतो व पाणी तिच्या सभोवार. नळीवर चुन्याचे पूट बसले म्हणजे उष्णता पाण्यात शिरण्यास अडते, आणि अडलेली उष्णता धुरावाटे वर निघून जाते. सरपण अधिक लागते. विजेच्या गीझरात तापणारी सळई पाण्यातच बुडालेली असल्याने उष्णतेस दुसरीकडे जावयास वाट नसते. तेव्हा विजेचा खर्च काही फारसा वाढत नाही. परंतु पुटाखाली सळई स्वतः अतोनात तापते व अखेर जळून तुटते. तात्पर्य, बंबाच्या मालकाचे नुकसान लाकडात होते आणि गीझरच्या मालकाचे दुरुस्तीत.

३०० तात्पुरत्या जडपणाचे ५० लिटर पाणी पूर्ण उकळले तर सुमारे १५ ग्राम चुना खाली बसू शकतो. वर्षाला पाच किलोंवर. आपण पाणी उकळीपर्यंत नेत नाही म्हणून इतका बसत नाही. गीझरवरील उष्णतेची कळ जितकी खाली ठेवावी तितका तो कमी बसतो. हाताला सोसेल त्याहून फार अधिक तापवून मग गार पाणी मिसळणे, हा जड पाण्याच्या घरात दुहेरी तोटा होय.

बसलेले पूट काढण्यास आम्ल लागते. तांब्या-पितळेच्या भांड्यांस चिंच लावण्याची आपल्या घरांतील चाल रसायनदृष्ट्या अगदी बरोबर आहे. बंबास किंवा केटलीस लिंबूसत्त्वाचे कोमट पाणी घालून तास-दोन तास ठेवावे. बुडबुडे निघून चुना सुटतो. बाजारात शौचकूप धुण्यासाठी मिळणारे जहाल आम्ल मात्र धातूच खाते, आणि ब्लीचिंग पावडरीशी त्याची गाठ पडली तर विषारी वायू निघतो. ते या कामी कदापि वापरू नये.

स्वयंपाकघरात जड पाण्याचा उपद्रव तुरीच्या व हरभऱ्याच्या डाळीत दिसतो. दाण्याच्या पेशींना एकमेकांशी बांधून ठेवणारा जो गोंदासारखा पदार्थ असतो, त्यास चुना अधिक घट्ट करतो. म्हणून डाळ फुटत नाही. खाण्याचा सोडा चिमूटभर टाकला की ती शिजते, पण डाळीतील एक जीवनसत्त्व, ब-१, त्याने नाश पावते. त्यापेक्षा पाणी आधी उकळून, निववून, वरचे घ्यावे आणि त्यात डाळ भिजवावी. कमी पडले तर कुकर आहेच.

प्रकृतीविषयी लोकांत भीती फार आहे, आणि ती बहुतांशी अनाठायी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्याच्या जडपणाला प्रकृतीच्या कारणास्तव कोणतीही मर्यादा घातलेली नाही. चुना व मॅग्नेशियम शरीरास लागतातच. जड पाण्याने मूतखडा होतो हा समज सर्वत्र आढळतो, परंतु तसे सिद्ध झालेले नाही. उन्हातान्हात काम करून पाणी कमी पिणे हे मूतखड्याचे याहून कितीतरी खात्रीचे कारण आहे. ज्यास तो विकार आहे त्याने डॉक्टरांस विचारावे, यंत्र विकणाऱ्यास नव्हे.

यंत्र विकणाऱ्यांवरून आठवले. पुण्यास नातेवाइकांच्या घरी असताना असा एक तरुण दारी आला. त्याने दोन पेले मांडले. एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात आपल्या यंत्राचे. दोहोंत विजेच्या सळया बुडवून कळ दाबली. नळाचे पाणी दोन मिनिटांत गढूळ, तपकिरी, गटारासारखे झाले; यंत्राचे स्वच्छ राहिले. घरातील बायकामाणसे घाबरून गेली. वस्तुस्थिती अशी की, ती घाण पाण्यातील नव्हे, सळईतील होती. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, तिने सळईचे लोखंड विरघळते व त्याचा गंज पाण्यात उतरतो. यंत्राच्या पाण्यात क्षारच नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून ते जसेच्या तसे राहते. त्यास मी इतकेच म्हणालो, “बाळ, तुझ्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा कळ दाब.” त्याने सामान आवरले. वाचकांच्या दारी असा कोणी आल्यास हीच चिमूट हाताशी असू द्यावी.

त्याच्याजवळ एक लहान मापकही होते व ते दाखवी तो आकडा तो जडपणा म्हणून सांगत होता. हीही दिशाभूल होय. ते मापक पाण्यातील एकूण क्षार अंदाजाने दाखवते. त्यांत मीठ किती आणि चुना किती हे त्यास कळत नाही. मिठाचे पाणी मोठा आकडा दाखवील, पण त्यात जडपणा काहीच नसेल.

घरच्या घरी जडपणा अजमावण्याची खरी रीत साबणाचीच आहे. स्कॉटलंडातील ॲबर्डीन येथील रसायनाचे अध्यापक टॉमस क्लार्क यांनी एकोणिसाव्या शतकात हीच रीत शास्त्रशुद्ध केली. सारख्या तीन बाटल्या घ्याव्यात. एकीत पावसाचे किंवा बॅटरीत घालण्याचे शुद्ध पाणी, दुसरीत आपले पाणी, तिसरीत आपलेच पाणी पाव तास उकळून, निववून, गाळून. साधा साबण थोड्या शुद्ध पाण्यात विरघळवून त्याचे थेंब मोजून टाकावे व हलवावे. टिकाऊ फेस येण्यास दुसरीला पहिलीहून जितके थेंब अधिक लागतील तितका जडपणा. आणि उकळल्याने जितके थेंब वाचतील तितका तात्पुरता. पावडर या कामी उपयोगी नाही. क्लार्क यांनी १८४१ साली चुन्यानेच चुना काढण्याची युक्तीही शोधली: विरलेला चुना बेताने घातला की तो पाण्यातील कर्बाम्ल वायू शोषतो, आणि आधार गेल्याने दोन्ही चुने मिळून खाली बसतात. गावच्या मोठ्या हौदास ती चालते. घरात माप चुकले तर पाणी उलट अधिक जड होते, म्हणून तिचा विस्तार करीत नाही.

आता पाणी हलके करणाऱ्या यंत्राविषयी. त्याचे मूळ शेतीतच आहे, हे वाचून वाचकांस नवल वाटेल. इंग्लंडात यॉर्कशायर परगण्यात टॉम्प्सन नावाचे एक जमीनदार होते. खतातील अमोनिया पावसाने वाहून जातो की मातीत राहतो, हे पाहण्याकरिता त्यांनी मातीने भरलेल्या नळीतून अमोनियाच्या क्षाराचे पाणी सोडले. खालून अमोनिया निघावयाचा तो निघाला नाही. त्याऐवजी चुन्याचा क्षार, म्हणजे जिप्सम, बाहेर आला. रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनज्ञ वे यांनी हे प्रयोग पुढे चालविले, आणि दोघांचेही लेख १८५० साली शेतकऱ्यांच्या त्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मातीने एक वस्तू घेतली व तिच्या बदल्यात दुसरी दिली. या अदलाबदलीवरच पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन रसायनज्ञ गान्स यांनी पाणी हलके करण्याची भट्टी बसविली; त्यांनी त्याकरिता झिओलाइट या जातीचे कृत्रिम खनिज वापरले. नैसर्गिक झिओलाइटांकरिता आपल्या पुण्याच्या परिसरातील खाणी नावाजलेल्या आहेत. वाघोलीच्या दगडखाणींतून निघणारे कॅव्हन्साइट नावाचे निळेभोर खनिज जगभरचे संग्राहक घेतात, आणि ते पुष्कळदा स्टिल्बाइट या झिओलाइटावरच बसलेले असते. ज्या गावचे पाणी जड, त्याच गावच्या दगडात जडपणा काढणाऱ्या वस्तूची भावकी सापडावी, ही गंमतच म्हणावयाची. तो दगड टाकीत टाकून मात्र काही साधणार नाही.

हल्लीच्या यंत्रात झिओलाइटाऐवजी कृत्रिम राळेचे मणी असतात. त्या मण्यांवर सोडियम, म्हणजे मिठातील धातू, बसविलेला असतो. जड पाणी वरून गेले की मणी त्यातील चुना धरून ठेवतात आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतात. हा फेरफाराच्या नोंदीसारखाच व्यवहार आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर चुन्याचे नाव कमी होऊन सोडियमचे नाव लागते. क्षेत्र तेवढेच राहते. पाणी हलके झाले म्हणून त्यातील क्षार कमी झाले असे नव्हे, ते बदलले. १०० जडपणामागे ४६ मिलिग्राम सोडियम येतो. आपल्या ४०० च्या पाण्यात १८४. दिवसाला तीन लिटर प्यायल्यास साडेपाचशे मिलिग्राम होतो. प्रौढ माणसाने दिवसाकाठी २००० मिलिग्रामांहून कमी सोडियम घ्यावा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाब असलेल्या माणसास ही भर लहान नाही. म्हणून अशा यंत्राचे पाणी न्हाणीला व धुण्याला द्यावे, पिण्याला देऊ नये.

मण्यांवरील सोडियम संपला की त्यांवरून मिठाचे दाट पाणी फिरवावे लागते. मणी पुन्हा सोडियम घेतात आणि धरलेला चुना सोडतात. हे धुवण गटारात जाते. शहरात ते डोळ्यांआड होते. मळ्यात ते जाते आंब्याच्या आळ्यात, परसातल्या केळीत किंवा विहिरीशेजारच्या शोषखड्ड्यात. मीठ किती? रोज ५०० लिटर पाणी हलके करणाऱ्या घरात २०० ग्राम जडपणा निघतो. त्यास रसायनाच्या हिशेबाने २३४ ग्राम मीठ लागते, आणि व्यवहारात त्याच्या दीडपट ते दुप्पट, कधी त्याहूनही अधिक. दुपटीपर्यंतच धरले तरी वर्षाकाठी सव्वाशे ते पावणेदोनशे किलो मीठ एका घरामागे एका जागी ओतले जाते. एवढे मीठ पोत्याने आणून कोणी आपल्या बांधाआत टाकू देईल काय?

आपली काळी जमीन स्वतःच टॉम्प्सन यांच्या नळीतील मातीसारखी आहे. तिच्या चिकणमातीच्या कणांवर चुना बसलेला असतो, आणि त्यामुळेच कण एकमेकांस धरून राहतात, ढेकूळ भुसभुशीत होते, पाणी खाली झिरपते. सोडियमयुक्त पाणी वरचेवर दिले की माती तो सोडियम घेते व चुना देऊन टाकते. कण सुटे होतात, छिद्रे बुजतात. पावसाळ्यात पाणी वरच थांबते, उन्हाळ्यात जमीन दगडासारखी आवळते. हीच आपली चोपण जमीन. कालव्याखालच्या गावांत पीकपाहणीच्या वेळी मी अशी रानेच्या राने पाहिली आहेत, आणि ती सुधारण्यास जिप्समच्या गाड्या व वर्षे दोन्ही खर्ची पडतात. जिप्सम टाकणे म्हणजे गेलेला चुना परत देणे होय. सोबत चर नसेल तर सुटलेला सोडियम तेथेच राहतो.

यावरून जी गोष्ट निघते ती घरातील अनुभवाच्या अगदी उलट आहे. साबणाला जे पाणी वाईट, ते काळ्या जमिनीला बहुधा बरे. आणि साबणाला जे पाणी गोड वाटते, ते जमिनीला घातक असू शकते. बोअरचे पाणी फेस छान देते म्हणून हर्ष मानणाऱ्याने जपावे. जमिनीखालचे पाणी खडकात मुरूनही हलके लागत असेल, तर त्यातील चुन्याच्या जागी सोडियम आलेला असण्याचा संभव असतो. पाण्याच्या तपासणीत चुना व मॅग्नेशियम यांपेक्षा बायकार्बोनेटाचे प्रमाण किती अधिक हे पाहतात; ही अधिकाई दर लिटरास सव्वा मिलिइक्विव्हॅलंटपर्यंत निर्धास्त आणि अडीचच्या वर असल्यास पाणी शेतीस अयोग्य समजतात. जड पाण्यातही एकूण क्षार फार असतील किंवा चुन्याहून मॅग्नेशियम वरचढ असेल तर ते निर्दोष नाही, हे खरे. ठिबकच्या नळ्यांतील छिद्रेही जड पाण्याने बुजतात, आणि त्यास अधूनमधून आम्लाचे पाणी सोडावे लागते, हे सभासदांस अनुभवाने ठाऊक आहे. पण नळी धुता येते. चोपण झालेले रान धुता येत नाही.

आरओ नावाच्या यंत्राची तऱ्हा निराळी. ते क्षार बदलत नाही, खरोखरच वेगळे काढते. परंतु घरगुती यंत्रात जेवढे पाणी पिण्यास मिळते त्याहून अधिक बहुधा फेकले जाते, आणि फेकलेल्यात सर्व क्षार दाट झालेले असतात. पाणी खारे असेल तर पिण्यापुरते ते लावावे. केवळ जडपणाकरिता, आणि तेही मुठेचे हलके पाणी येणाऱ्या घरात, ते लावणे म्हणजे निवळ पाण्यात तुरटी फिरविणे.

पावसाचे पाणी साठवणे हा उपाय मला सर्वांत पसंत आहे. एक गुंठा छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे १०० लिटर पाणी येते. पुण्याकडे वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पडतो. सांडलवंड वजा जाता अशा छतापासून पन्नास हजार लिटरांवर पाणी मिळू शकते. सगळे साठविण्याएवढी टाकी कोणी बांधणार नाही. पण पहिल्या दोन सरी सोडून देऊन, गाळून, पाच-दहा हजार लिटर जरी ठेवले, तरी न्हाण्याधुण्याचे व डाळीचे पावसाळ्याचे चार महिने सुखाने जातात, आणि उरलेले बोअरशेजारी मुरविल्यास तेथील क्षारही काहीसे सौम्य होतात.

मळ्यात नवे घर बांधताना ज्यास पाणी हलके करण्याचे यंत्र बसवावयाचेच आहे, त्याने गवंड्यास व नळकाम करणाऱ्यास आधीच तीन गोष्टी सांगून ठेवाव्यात. यंत्राची नळी फक्त गीझर, न्हाणी व वॉशिंग मशीन यांस जोडावी. स्वयंपाकघराचा आणि परसबागेचा नळ यंत्राच्या अलीकडून, मूळ पाण्याचा घ्यावा. धुवणाची नळी शेत, शोषखड्डा, खताचा खड्डा आणि विहीर या चारींपासून दूर, एका सिमेंटच्या उथळ टाक्यात काढावी. उन्हाने पाणी आटून राहिलेला क्षार खरवडून वेगळा टाकावा, आणि पावसाळ्यात त्यावर पत्रा झाकावा. यंत्र घेण्यापूर्वी पाण्याची बाटली तपासणीस धाडावी व अहवालात एकूण जडपणा, चुना, मॅग्नेशियम, सोडियम आणि बायकार्बोनेट हे पाचही आकडे मागून घ्यावेत. एकट्या जडपणाच्या आकड्यावर यंत्राचा सौदा करू नये.